गॅसला सुतक

मधल्या वाडीतला रावजी गेल्याचं वैदेहीला सकाळी पोलादपूरच्या स्टँडवर कळलं, आणि तिच्या काळजात चर्र झालं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण त्या दिवशी ती मयताच्या अंगणात उभी राहून जे बोलली, ते ऐकून पुढे लोक म्हणाले की बाई शिकलेली, हिला माणसापेक्षा आकडा मोठा. साफ खोटं. त्या वाडीत तिला जीव लावणारा पहिला माणूस रावजीच. गोबर गॅसच्या टाकीसाठी घरोघरचं शेण मागायला ती महाडहून आली, तेव्हा लोकांनी तिला चक्रमात काढलं होतं. रावजी तिच्यासाठी उंबरे झिजवत फिरला. "द्या रे, शेणच मागतेय, जमीन नाय मागत," म्हणून त्यानं अख्खी वाडी राजी केली. असा माणूस काल दुपारी जेवून लवंडला तो उठलाच नाही. संध्याकाळी त्याला नेऊनही झालं.

एस्टीत तिच्या डोळ्यांना धार लागली होती. गॅसचं तिच्या डोक्यात आलंच नाही. ते आलं कापडे गावाला उतरून ती वाडीकडे जाणारा ओढा ओलांडत होती तेव्हा. समोरच्या आंब्यामागून शिट्टी वाजावी तसा एक बारीक आवाज येत होता, न थांबता. वाऱ्याबरोबर सडक्या अंड्यांसारखा वास आला. वैदेही ओढ्याच्या मधोमध दगडावर थबकली.

आता ही भानगड काय, ते समजून घ्या. टाकीत शेण कुजतं, त्याचा गॅस होतो, तो नळीनं मधल्या वाडीच्या घराघरात शेगडीला जातो. या गॅसमध्ये मुख्य असतो मिथेन. तो जाळला तर फारसं बिघडत नाही. पण न जाळता तसाच हवेत सोडला, तर तो कार्बन डायऑक्साइडच्या एकवीस पट पृथ्वी तापवतो, असा त्या वेळचा हिशेब होता. वैदेहीचं काम म्हणजे हा सगळा जमाखर्च संगणकावर मांडणं. गाय शेण टाकते तिथपासून शेगडीवर चहा उकळतो तिथपर्यंत किती धूर, किती वायू वर गेला आणि किती वाचला. टाकीचं सिमेंट, लोखंड, शेणात मिसळायला पोलादपूरच्या बाजारातला सडका भाजीपाला आणणाऱ्या टेम्पोचं डिझेल, नळीच्या सांध्यातून झिरपणारा गॅस, सगळं तिनं धरलं होतं. वर्षभर तिनं त्यापायी डोकेफोड केली होती. निघालेला आकडा चांगला होता. तो आकडा तपासणाऱ्यानं मान्य केला, की प्रकल्पाची नोंद होणार, आणि परदेशातली एक कंपनी ती बचत आपल्या नावावर घेऊन त्या बदल्यात दुसरी टाकी बांधून देणार.

ती दुसरी टाकी वरच्या वाडीसाठी. आणि वरची वाडी म्हणजे वैदेहीच्या लेखी चंपाबाई. साठीकडे झुकलेली, धुरानं डोळे कायमचे लाल झालेली, चार वाक्यं बोलली की खोकल्याची उबळ यायची. रानातून लाकडाची मोळी अजून तीच आणायची. वैदेही दिसली की वाट अडवून उभी राहायची. "काय गो पोरी, माझ्या चुलीला कधी लावतेस तुझा गॅस? मेल्यावर?" असं हसत विचारायची, आणि वैदेहीनं तिला शब्द दिला होता, या पावसाळ्याच्या आत. त्या शब्दाचं ओझं तिला भलतंच झालं होतं. तपासणारा माणूस आजच दुपारी यायचा होता.

टाकीपाशी हर्षद बसला होता. रावजीचा भाऊ सोनबा, त्याचा हा मुलगा. काही वर्षं मुंबईत काढून परतलेला, टाकीची देखभाल तोच करायचा. टाकीवरची लोखंडी टोपी गॅसनं उचलून पार वर आली होती आणि बाजूचा व्हॉल्व्ह उघडा होता. शिट्टी तिथूनच वाजत होती.

"टोपी कलंडायला लागली मॅडम," हर्षद उठून म्हणाला. "रात्री खोलला व्हॉल. नायतर बाजूनं फुटूनच गेली असती."

"मग दिवटी का नाही पेटवलीस?"

जादा गॅस जाळायला टाकीशेजारी एक उंच नळी उभी केली होती. तिला वाडीतली माणसं दिवटी म्हणत. हर्षदनं तिच्याकडे बघितलं आणि नजर पायांकडे नेली.

"सुतक हाय ना मॅडम. राख सावडेपर्यंत भावकीत कुठं जाळ नाय करायचा."

सुतक काय वैदेहीला माहीत नव्हतं? तिच्या महाडच्या घरी आजोबा गेले तेव्हा चूल बंद होतीच की. पण ती त्या एका घरापुरती. शेजारच्या बिऱ्हाडात कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. इथे मधली वाडी म्हणजे सगळी एक भावकी, एक आडनाव. एक माणूस गेला की एकूण एक घरातली चूल थंड. तिसऱ्या दिवशी राख सावडली, की मगच विस्तव. तोवर मयताच्या भावकीला जेवण यायचं वरच्या वाडीतून, कारण त्यांचं आडनाव वेगळं, त्यांना हे सुतक नाही. पिढ्यान् पिढ्यांची रीत. माणसांनी शेगड्या बंद केल्या, पण टाकीतल्या शेणाला कोण सांगणार? ते आपलं कुजतच राहिलं.

आणि वैदेहीनं विचारलं नव्हतं असंही नाही हो. घरोघर जाऊन बायकांना तिनं विचारलं होतं, वर्षातून किती दिवस शेगडी बंद असते. बायका चहाचा कप पुढे करत म्हणाल्या होत्या, नाय गो बाय, रोज पेटते. दारी आलेल्या पाहुणीसमोर मरणाचं अभद्र कोण बोलणार? तिनं ते लिहून घेतलं आणि गणितात वर्षाचे सगळे दिवस धरून मोकळी झाली. आता तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दरडीवर चढलं की मोबाइलला थोडी रेंज यायची. तिथून तिनं यज्ञेश्वर सरांना फोन लावला. हे तिचे कॉलेजातले रसायनशास्त्राचे सर. निवृत्त झाल्यावर त्यांनी महाडमध्ये संस्था काढली आणि वैदेहीला हाताशी घेतलं. तपासनिसाला उतरवून घ्यायला ते वीर स्टेशनवर गेले होते. सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, हर्षदला सांग, आम्ही तिथे असू तेवढा अर्धा तास दिवटी पेटवायची. तपासनिसाला ज्योत दिसली म्हणजे झालं. ती म्हणाली, सर, सुतक आहे. सर म्हणाले, मला कळतं गं, पण ही नोंद हुकली तर वरच्या वाडीला पुढची दहा वर्षं कोणी विचारणार नाही. तू ठरव.

सर वाईट माणूस नव्हे. म्हणून तर तिला नाही म्हणता आलं नाही. वाईट माणसानं सांगितलं असतं, तर झिडकारता तरी आलं असतं.

ती खाली उतरली, आणि जीप यायची वेळ झाली तेव्हा तिनं हर्षदला सांगितलं. त्यानं खिशातून काडेपेटी काढली, दिवटीकडे जाणारा व्हॉल्व्ह थोडा फिरवला आणि काडी हातात घेऊन उभा राहिला. तेवढ्यात वैदेहीला दिसलं की वाटेवर सोनबा उभा आहे. अंगावर नुसता पंचा, कालच्या रडण्यानं चेहरा सुजलेला. तो ओरडला नाही, पुढेही आला नाही. आपला मुलगा आपल्या भावाच्या सुतकात जाळ करतो की नाही, एवढंच तो बघत होता.

हर्षदनं काडी पेटीला टेकवली आणि तशीच धरून ठेवली. वैदेहीच्या मनात आलं, हा अर्धा तास तपासनीस विसरून जाईल, सर विसरतील, आपणही विसरू. या पोराला मात्र जन्मभर कोणी विसरू देणार नाही. शिवाय एवढं करून आकडा खोटा तो खोटाच. पुढच्या मरणाला दिवटी पेटवायला कोण येणार आहे? आणि आपण चंपाबाईला द्यायला निघालोय ते असलं काहीतरी?

"राहू दे, हर्षद," ती म्हणाली. "ठेव ती काडेपेटी."

हर्षदनं काडेपेटी खिशात घातली. सोनबा वळून घराकडे चालू लागला, आणि खालच्या वळणावर जीपचा हॉर्न वाजला.

तपासनीस पुण्याचा होता. आमोद नाव, वयानं तिशी-पस्तिशीचा, बोलायला मृदू आणि नजरेला तेज. जीपमधून उतरताच त्यानं मान वर केली आणि नाकानं हवा ओढली. गॅस सुटतोय का, त्यानं विचारलं. यज्ञेश्वर सर घाईघाईनं म्हणाले की देखभालीचं काम चाललंय, आजच्या दिवसाचं आहे. बोलताना सर वैदेहीकडे बघत नव्हते. आपल्या सरांना चारचौघांत खोटं पाडायची वेळ येईल, असं तिला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

"देखभालीचं नाही," ती म्हणाली. "वाडीत माणूस गेलंय. सुतकात इथे कोणी जाळ करत नाही. गॅस काल रात्रीपासून तसाच सुटतोय."

सरांचा चेहरा पडला. आमोदनं टाकीकडे बघितलं, दिवटीकडे बघितलं. मग त्यानं विचारलं तो प्रश्न सरळ आणि रास्त होता, पण ऐकायला भयंकर. असे दिवस वर्षातून किती येतात?

म्हणजे इथे वर्षाला माणसं किती मरतात? हे विचारायला वैदेहीला मयताच्या घरी जावं लागलं. रावजीच्या अंगणात भावकीतले पुरुष बसले होते, पडवीत रावजीची बायको गोदूबाई भिंतीला टेकून बसली होती, तिच्या अवतीभवती बायका. वैदेही गोदूबाईच्या पाया पडली. गोदूबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघी रडल्या. त्यानंतर डोळे पुसून अंगणात येऊन सोनबासमोर तो प्रश्न विचारायचा, म्हणजे काळीज दगडाचं हवं. तिनं विचारला. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं तिला. मागे आमोद, सर आणि हर्षद पायरीशी उभे होते.

सोनबानं तिच्याकडे असं बघितलं की ती मनोमन म्हणाली, आता हा हाकलून देणार. पण सोनबा बोटं मोजायला लागला. यंदा गेलेले, गेल्या साली गेलेले. गावातले मोजून झाल्यावर तो थांबला.

"मुंबईचे धरायचे?"

"मुंबईचे?" वैदेहीला कळेना.

"भावकी तिथं पण हाय ना. घाटकोपरला, करी रोडला, नालासोपाऱ्याला. तिकडं कोण गेलं तरी फोन येतो. हितल्या चुली बंद."

वैदेहीनं गणितात माणसं धरली होती वाडीत राहणारी. आणि वाडीची निम्मी माणसं पोटासाठी मुंबईला. ती माणसं गॅस वापरत नव्हती, शेण देत नव्हती, तिच्या कुठल्याच हिशेबात नव्हती. पण मरत होती, आणि मेली की शेगड्या इथल्या विझत होत्या. सोनबाच्या एका हाताची बोटं संपली, त्यानं दुसऱ्या हाताची घेतली, तीही संपली.

वैदेही पायरीवर बसली आणि मनातल्या मनात आकडे फिरवू लागली. कितीदा फिरवले तरी तेच. शेण उकिरड्यावर पडून राहिलं तर त्यातून थोडाच मिथेन निघतो. टाकीत कोंडलं की भरपूर होतो. तो जाळला तर उत्तम. न जाळता एवढे दिवस सोडला, तर ही टाकी उकिरड्यापेक्षा वाईट. म्हणजे वर्षभर राबून आपण पृथ्वी तापवायचं यंत्र उभं केलं.

"माझं गणित चुकलंय," तिनं आमोदला सांगितलं, आणि कसं चुकलं तेही सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. आमोदनं शांतपणे ऐकून घेतलं. असं असेल तर नोंद करता येणार नाही, तो म्हणाला. त्याला बोलताना त्रास होत होता हे दिसत होतं, पण त्यानं फिरवाफिरवी केली नाही. सर खाली मान घालून उभे होते.

नेमक्या त्याच वेळी वरच्या वाडीतल्या बायका जेवण घेऊन आल्या. डोक्यावर भाताचे टोप, आमटीची पातेली. पुढे चंपाबाई. पहाटेपासून मधल्या वाडीसाठी रांधत बसलेली, डोळे सुजून बारीक झालेले. टोप उतरवताना तिला खोकल्याची उबळ आली आणि ती खांबाला धरून वाकली. वैदेहीला तिच्याकडे बघवेना. पण चंपाबाईला तिच्या तोंडावरून काय ते समजलं. काय झालं गो, तिनं विचारलं. वैदेहीनं सांगितलं, टाकी होणार नाही. गॅस फुकट सुटतोय म्हणून होणार नाही.

चंपाबाईनं ओढ्याकडे कान दिला. शिट्टी वाजतच होती.

"म्हणजे ह्यांचा गॅस असा वाऱ्यावर चाललाय," ती सावकाश म्हणाली, "नि मी ह्यांचंच जेवण लाकडावर रांधतेय?"

वैदेही ताडकन उठली. अगं बाई, एवढं साधं! वरची वाडी ओढ्यापलीकडे, टाकीपासून हाकेवर. एरवी गॅस मधल्या वाडीलाच जेमतेम पुरतो, म्हणून नळी वर नेलीच नव्हती. पण सुतकात इथल्या शेगड्या बंद झाल्या की सगळा गॅस वर जाऊ शकतो. तिथे तो जळेल, आणि त्याच्यावर शिजेल तो या भावकीचाच भात. तिनं हे भडाभडा सांगितलं. हर्षद लगेच म्हणाला, बागेची काळी नळी घरात पडून हाय, संध्याकाळच्या आत ओढ्यापलीकडे नेतो. आमोदचे डोळे चमकले. गॅस जळणार असेल तर प्रश्नच मिटला, तो म्हणाला. नळी पक्की टाका, मीटर बसवा, मी पुन्हा येऊन मोजून जाईन, टाकी अडणार नाही.

आणि सोनबा म्हणाला, नाय.

त्याचं म्हणणं डावलण्यासारखं नव्हतं. सुतकाच्या दिवसांत वरच्या वाडीतलं कोणी यांच्या घरचं पाणी घेत नाही, दूध घेत नाही. मग यांच्या सुतकातला गॅस कसा चालेल? यांच्या गोठ्यातलं शेण, यांच्या टाकीतला गॅस, त्यावर वरच्यांनी रांधायचं आणि स्वतःही खायचं? विटाळ नाय होत? वरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीनं चंपाबाईचा पदर हळूच मागे ओढला. आमोद वैदेहीकडे बघत होता, वैदेही सोनबाकडे. गॅसला सुतक लागतं की नाही, हे कुठल्या गणितात शोधायचं? इथून होकार आला नाही तर नळी नाही, आणि नळी नाही तर टाकी नाही. सगळं त्या एका शब्दावर येऊन अडलं होतं.

"भावजी," पडवीतून आवाज आला. गोदूबाई कालपासून पहिल्यांदाच बोलत होती. आवाज पार बसलेला. "सुतक फिटलं की घर कशानं सारवतात?"

सोनबा तिच्याकडे वळला. "शेणानं."

"कुणाच्या गोठ्यातल्या?"

"आपल्याच."

"मग? ज्यानं सुतक जातं, त्यालाच सुतक लागंल?"

अंगणातल्या म्हाताऱ्यांपैकी एकानं मान डोलावली, मग दुसऱ्यानं. वरच्या बायकांनी चंपाबाईचा पदर सोडला. मग सोनबा हर्षदकडे न बघताच म्हणाला, "जा. आण नळी."

वैदेहीला वाटलं, सुटलो. तिनं हसून चंपाबाईकडे बघितलं. पण चंपाबाई हसत नव्हती. तिनं हिशेब केला होता, आणि तो वैदेहीच्या हिशेबापेक्षा सरळ होता.

"दुसरी टाकी होईस्तोवर मला गॅस मिळायचा, तो ह्यांच्यातलं कोण मेलं की मगच," ती म्हणाली. "म्हणजे मी आता चुलीपुढं बसून वाट बघायची, ह्यांच्यातलं कोण जातंय?"

बोलली आणि तिनं स्वतःच तोंडावर हात घेतला. वैदेहीला तिच्याशी नजर मिळवता येईना, कारण चंपाबाई बोलली ते खरंच होतं आणि तो आकडा तिनंच मांडला होता. माणसं मोजली होती तिनं, मेलेली आणि मरणारी, आणि त्यावर शेगडी पेटवायला निघाली होती. अंगणातून कुठेतरी निघून जावं, असं तिला झालं.

गोदूबाई भिंतीला धरून उठली. बायका तिला सावरायला धावल्या, तिनं त्यांना बाजूला केलं. ती आत गेली. आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मग ती आपली शेगडी दोन्ही हातांत उचलून पडवीच्या कडेला आली आणि ती तिनं चंपाबाईच्या पुढ्यात ठेवली.

"वाट कशाला बघतेस गो, चंपे?" ती म्हणाली. "माझा गेलाय ना. पेटव."